बिनपंख्याचा कूलर

सासरे अकोल्याहून आमच्याकडे दोह्याला आले, त्याच आठवड्यात ऑफिसने माझ्या गळ्यात कूलर निवडायचं काम मारलं. घरी जेवताना मी ते सहज बोलून गेले आणि तिथून सगळं सुरू झालं.

मी मूळची नाशिकची. इथे पाइपलाइन टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे क्वालिटी बघते. म्हणजे काँक्रीटचे ठोकळे फोडून बघायचे, वेल्डिंगचे रिपोर्ट परत पाठवायचे आणि साइटवर कोणालाही आवडायचं नाही. आमची साइट दुखानच्या रस्त्याने बरंच पुढे जाऊन मग डांबर सोडून आत. कतार एवढासा देश की सकाळी पोहे खाऊन निघालं तर भूक लागायच्या आत देश संपतो. तरी आमच्या साइटला सगळे ‘रिमोट’ म्हणायचे, कारण तिथे दुकान नाही, सावली नाही आणि फोनला रेंज आलीच तर ती पलीकडच्या देशाची.

पिण्याचं पाणी बर्फात ठेवायला तिथे एक जुनी निळी पेटी होती. तिचं झाकण बिजागरीतून निखळलेलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर आम्ही फोडून झालेला काँक्रीटचा ठोकळा ठेवायचो. सकाळी भरलेला बर्फ उन्हं वर येईपर्यंत संपलेला असायचा. एकदा क्लायंटचे कतारी साहेब पाहणीला आले. वयाने मोठे, मितभाषी, पांढराशुभ्र झगा. त्यांनी पाणी मागितलं, बाटली हातात घेतली, जराशी दाबून पाहिली आणि शांतपणे विचारलं, “हे चहासाठी आहे का?”

आमचा प्रोजेक्ट मॅनेजर इजिप्तचा. तो कानापर्यंत लाल झाला. ते गेल्यावर त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

“तू क्वालिटीची ना? मग कूलरची क्वालिटी बघ. दणकट पाहिजे, पिकअपमधून पडला तरी फुटायला नको. तीन सॅंपल येतायत. त्यातला एक निवड. यल्ला, लवकर.”

तर रात्री जेवताना मी म्हटलं, “ऑफिससाठी कूलर निवडायचाय मला.”

बाबांचा घास हातातच राहिला. घरात सगळेच त्यांना बाबा म्हणतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले. इथे आल्यापासून बिचारे नुसते सोफ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर सरकत होते. बाहेर ऑक्टोबर असूनही ऊन बोचत होतं, आत एसीने त्यांचे गुडघे धरत होते, आणि टीव्हीवर त्यांना समजेल असं काही लागत नव्हतं. कूलर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर एकदम लाइट आली.

“कूलर? अवं मंग मले इचार ना! कूलरमंधलं इथं कोनाले समजते?”

ते जेवणाचं ताट बाजूला सारून बोलायला लागले. आमच्या अकोल्यात उन्हाळा कसा असतो, लोखंडी पत्र्याचा कूलर का चांगला, प्लॅस्टिकचा का नाही, वाळ्याच्या ताट्या कुठून आणायच्या, पाण्याची मोटर कुठल्या बाजूला बसवायची, पंख्याची पाती तीन हवीत की चार. मी नवऱ्याकडे पाहिलं. गैरसमज त्याच्या लक्षात आला होता. पण तो वरणात भात कालवत खाली बघून हसत होता.

झोपायच्या खोलीत मी त्याला म्हटलं, “अरे, सांग ना त्यांना. ही बर्फाची पेटी आहे म्हणून.”

“सांगतो की. पण आल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर बोललेत गं ते. दोन दिवस बोलू देत.”

ते दोन दिवस बाबांनी फोनवरून अकोल्यातल्या सगळ्या गल्लीला सांगितलं, की कतारच्या कंपनीला कूलर पाहिजे आणि सूनबाईने आपल्याला विचारलंय.

गुरुवारी संध्याकाळी तीन पेट्या आल्या. साइटवर किंवा ऑफिसात ठेवल्या असत्या तर पाच मिनिटांत कोणीतरी त्यात लबानच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, बाटल्या भरल्या असत्या, म्हणून मीच त्या घरी मागवल्या होत्या. आम्ही अल मुंतझा भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत जुनी, लिफ्ट अरुंद. सगळ्यात मोठी पेटी पांढरी, चकचकीत, स्टीलच्या कड्या असलेली. ती लिफ्टमध्ये उभी केल्यावर माणसाला जागा उरेना. शेवटी नवऱ्याने तिला आत ढकलून तीनचं बटण दाबलं आणि तो जिन्याने धावत वर गेला. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलेलं होतं. तिथे दार उघडलं तेव्हा समोरच्या मल्याळी बाईंना आत एकटीच उभी पेटी दिसली. त्या घाबरून मागे झाल्या म्हणे. अजूनही लिफ्ट आली की आधी वाकून बघतात.

दुसरी पेटी नारिंगी, चाकांची. तिसरी खाकी, बुटकी, जाड बुडाची, शेतातल्या फवारणीच्या औषधाच्या डब्यासारखी. बाबा शर्टाच्या बाह्या वर करून तयार होते. खिशात टेस्टरसुद्धा होता. त्यांनी पांढरीभोवती एक चक्कर मारली. मग नारिंगीभोवती. मग खाली बसून खाकीचं बूड तपासलं.

“पंखा कुठी हाये?”

त्यांनी पेटी वळवून मागची बाजू पाहिली.

“अन् वायर?”

माझी दहा वर्षांची मुलगी इथल्या इंग्लिश शाळेत जाते. तिला मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. ती म्हणाली, “आजोबा, इट्स अ बॉक्स. फॉर आइस.”

बाबांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या. मला इतकं वाईट वाटलं की मी घाईघाईने म्हटलं, “बाबा, यातल्या कशात बर्फ जास्त टिकतो ते बघायचंय. उद्यापासून बाल्कनीत ठेवणार आहे. तुम्ही लक्ष ठेवाल का?”

त्यांनी टेस्टर खिशातून काढून टेबलावर ठेवला. “ठेवतो. पण याले कूलर म्हनू नोका बाप्पा. पेटी म्हना.”

शुक्रवारी सकाळी नवऱ्याने खालच्या बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, बर्फाच्या पिशव्या आणल्या. तिन्ही पेट्यांत सारखा बर्फ, सारख्या बाटल्या. झाकणं बंद केली, पेट्या उन्हात ओढल्या. माझा हिशेब सोपा होता: शनिवारी संध्याकाळी उघडायच्या, ज्यात बर्फ जास्त ती घ्यायची.

शनिवारी संध्याकाळी उघडल्या तर काय! पांढऱ्या पेटीत, जी सगळ्यात महाग आणि जिच्या जाहिरातीत अस्वल तिच्यावर चढलेलं होतं, तिच्यात नुसतं पाणी. नारिंगीत थोडे तुकडे तरंगत होते. आणि त्या खाकी डबड्यात बर्फ जवळजवळ भरला होता तसाच.

मी चाटच पडले. रविवारी मॅनेजरला काय सांगायचं याचा विचार करत होते, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बट आजोबा कीप्स ओपनिंग द व्हाइट वन.”

“बाबा?”

“मंग? तूच म्हनली ना लक्ष ठेवा म्हनून. झाकन न उघडता लक्ष कसं ठेवीन मी?”

“पण पांढरीच का?”

“तिच्या कड्या मस्त वाजते. खट् करून.” मग त्यांनी खाकीकडे तुच्छतेने पाहिलं. “अन् तिचा रबरी पट्टा ओढून माह्या बोटाची कातडी निंघाली. तिले एकडाव उघडली, मंग नाही उघडली.”

नवरा एवढा हसला की बाल्कनीतून आत जाऊन पडला. मी मात्र रागावले होते. बर्फ वाया, सुट्टी वाया. तशीच रविवारी ऑफिसला गेले आणि मॅनेजरला जे घडलं ते सगळं सांगितलं, सासऱ्यांसकट. मला वाटलं आता ओरडेल. तो खुर्चीत मागे रेलला.

“मॅडम, साइटवर किती माणसं आहेत आपली?”

“तीसेक.”

“ते तीसजण पेटी बंद ठेवून तिच्याकडे नुसते पाहणार आहेत का? तेही येता-जाता उघडणार. जाहिरातीतली पेटी कोणी उघडत नाही, म्हणून तिच्यात बर्फ टिकतो. तुझ्या सासऱ्यांचीच टेस्ट खरी टेस्ट. परत कर. पण या वेळी तिन्ही सारख्याच उघडायला सांग त्यांना.”

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. इजिप्तचा मॅनेजर म्हणतो की टेस्ट तुम्हीच करायची. बाबा ताठ बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावर घड्याळ बांधलं, जे इथे आल्यापासून कपाटात होतं, आणि पायात बूट घातले. बाल्कनीत जायला बूट! ठरावीक वेळाने उठायचे, तिन्ही झाकणं क्रमाने उघडायचे, आत डोकावून “हं” म्हणायचे, बंद करायचे. खाकीसाठी त्यांनी हातमोजा मागितला. घरात होता तो ओव्हनचा, फुलाफुलांचा. तोच घालून पट्टा ओढायचे. दुपारी त्यांना झोप यायला लागली तर गजर लावून झोपले. मुलगी शाळेतून आली की त्यांची असिस्टंट. “आजोबा, टाइम!” अशी ती ओरडायची आणि ते मोजा चढवत निघायचे.

अशातच एका संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. कतारी साहेबांना या परीक्षेची बातमी लागली होती. ते हिवाळ्यात ससाणे घेऊन वाळवंटात शिकारीला जातात, आणि दरवर्षी त्यांची बर्फाची पेटी दगा देते. त्यांना पेट्या स्वतः बघायच्या होत्या. “येतायत ते. आत्ता. तुझ्या घरी.”

मी घरभर धावले. सोफ्यावरचे धुतलेले कपडे उचलले, नवऱ्याला चिवडा काढायला सांगितला. मितभाषी साहेब दारात आले तेव्हा बाबा नेमके बाल्कनीत होते, हातात फुलाफुलांचा मोजा, डोकं पांढऱ्या पेटीत.

ओळख करून द्यायच्या आधीच साहेब बाबांच्या शेजारी जाऊन उकिडवे बसले. साहेबांना इकडच्या बऱ्याच जुन्या लोकांसारखं मोडकंतोडकं हिंदी येत होतं. बाबांचं हिंदी अकोल्याचं. त्या दोन हिंदींची भेट मी कधी विसरणार नाही.

“बाबा, ये कैसा?”

“ये दिखने को लय भारी है. लेकिन झाकन इतना जड है की उंगली पे पडा तो उंगली गई.”

“और ये?”

“इसका चाक रेती में नहीं चलेगा. खाली शोभा है.”

“शोभा?”

“शोभा मतलब…” बाबांनी हवेत हात फिरवला. “एअरपोर्ट के लिए ठीक है.”

साहेब मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी स्वतःची परीक्षा सुरू केली, आणि त्यात बर्फाचा संबंधच नव्हता. ते खाकी पेटीवर बसले. मग उभे राहिले. झगा जरा वर धरून तिच्यावर टाच आपटली. पाणी काढायचं बूच पेटी न उचलता उघडतंय का ते पाहिलं. ते उघडलं आणि सगळं गार पाणी बाबांच्या बुटात गेलं.

“झेन,” साहेब म्हणाले. झेन म्हणजे छान. “ये वाला झेन.”

“हाये ना?” बाबा ओल्या बुटानिशी म्हणाले. “मै तो पहले से बोल रहा हूँ.”

ते पहिल्यापासून असं काहीच बोलत नव्हते. पण खाकीच जिंकली. बर्फही तिच्यातच जास्त टिकला आणि रिपोर्टमध्ये मी तसं लिहिलं. ऑफिसने साइटसाठी खाकी पेट्या मागवल्या, साहेबांनी स्वतःसाठी एक घेतली. जाताना ते बाबांचा हात हातात धरून म्हणाले, “बाबा, शिकार देखने आना. इन्शाल्ला.” बाबांनी मान हलवली आणि दार लागल्यावर मला विचारलं, “शिकार म्हंजे मारतेत का? आपन तं माळकरी मानूस.”

नोव्हेंबर संपता संपता हवा छान झाली. तेव्हा बाबांना एकदा साइट दाखवावी म्हणून मी एका गुरुवारी त्यांना बरोबर नेलं. परवानगी घेतली, त्यांना पिवळं जॅकेट आणि हेल्मेट घातलं. ते हेल्मेट काढायलाच तयार नव्हते, गाडीतही नाही. त्याच सकाळी साहेब पाहणीला येऊन तिथूनच परस्पर वाळवंटातल्या त्यांच्या तंबूकडे गेले होते. त्यांची खाकी पेटी आमच्या केबिनच्या सावलीत, आमच्या खाकी पेटीच्या शेजारी ठेवली होती, आणि निघताना त्यांच्या ड्रायव्हरने ती उचलून गाडीत टाकली. म्हणजे, एक पेटी उचलून टाकली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे पाणी घ्यायला जमले. बाबा पुढे झाले. आता या पेटीचं झाकण उघडण्याचा मान त्यांचाच असं त्यांना वाटत असावं. त्यांनी सराईतपणे रबरी पट्टा ओढला, झाकण वर केलं आणि होते तिथेच थांबले.

“सूनबाई,” ते अगदी हळू म्हणाले, “याच्यात कबुतरं हायेत.”

मी वाकून पाहिलं. बर्फावर, पारदर्शक पिशव्यांत, नीट रचून ठेवलेली मेलेली कबुतरं. पिसांसकट. मागून एक फोरमन म्हणाला, “मॅडम, आज स्पेशल लंच है क्या?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो भीतीच्या रूपाने. ही ससाण्यांची शिदोरी. म्हणजे साहेब तिकडे वाळवंटात उपाशी ससाणे घेऊन बसलेत आणि त्यांच्या पेटीत आहेत आमच्या पाण्याच्या बाटल्या आणि लिंबू-मीठ-साखरेची पाकिटं. मी साहेबांना फोन लावला. लागेना. मॅनेजरला लावला. तो ऐकत होता आणि मध्येच “या अल्ला, या अल्ला” म्हणत होता. शेवटी म्हणाला, “पिकअप घे आणि जा. ड्रायव्हरला तो तंबू माहीत आहे.”

“मी येतो,” बाबा म्हणाले.

“बाबा, तुम्ही कशाला? पेटीत ते… तुम्हाला चालेल का?”

“मी काय खाऊन रायलो का? पोचवून रायलो.”

पिकअप वाळूतून हेलकावे खात निघाली. बाबा मधूनमधून मागच्या काचेतून पेटीकडे बघत होते. एका चढावर गाडी जोरात आदळली आणि पेटी कडेवरून खाली गेली. ड्रायव्हर थांबला, आम्ही उतरलो. पेटी वाळूत आडवी पडली होती. पट्टा जागेवर, झाकण बंद, आत सगळं व्यवस्थित. रिपोर्टमध्ये ‘पिकअपमधून पडण्याची चाचणी’ हा रकाना मी रिकामा ठेवला होता. तो मनातल्या मनात भरला.

तंबूपाशी पोचलो तर साहेब आणि त्यांचे दोन भाऊ सतरंजीवर बसलेले. समोर आमची पेटी उघडी. मध्ये आखूड खांबांवर दोन ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. साहेबांच्या हातात आमच्या पाण्याची बाटली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. बाटली दाखवत म्हणाले, “मॅडम, आता पाणी खरंच थंड आहे.”

बाबा हेल्मेट घातलेलेच होते. साहेबांनी त्यांना जवळ बसवलं, खजूर दिले, कडू कॉफी दिली. बाबांनी ती एका घोटात घेतली आणि औषध घेतल्यासारखा चेहरा केला. कप रिकामा दिसला की ते लोक भरतात, हे बाबांना माहीत नव्हतं. तिसऱ्या कपानंतर मी खुणेने सांगितलं की कप हलवा, म्हणजे ते भरायचं थांबतील. बाबांनी मान हलवली. चौथा कप आला.

ससाण्यांना खायला घातलं तेव्हा बाबांनी तोंड दुसरीकडे केलं. ते झाल्यावर साहेब चामड्याचा मोजा घेऊन आले.

“बाबा, हात.”

“हा मोजा बरा हाये,” बाबा मला म्हणाले, “आपला फुलाचा होता.” आणि काही कळायच्या आत ससाणा त्यांच्या मनगटावर होता. साहेबांनी त्याची टोपी काढली. पिवळ्या कडांचे काळेभोर डोळे बाबांकडे रोखले गेले. बाबा हलले नाहीत. ते त्याला अगदी मायेने, अकोल्यातल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं विचारत होते, “काय बे, जेवला का पोटभर? लय उशीर झाला ना आज? गाडी आदळली नं बाबू रस्त्यात, काय करता.”

ससाण्याने मान वाकडी केली. मग शेपटी उचलली आणि बाबांच्या पिवळ्या जॅकेटवर पांढरी, लांब पिचकारी मारली.

साहेबांचे भाऊ मागच्या मागे कोलमडले हसताना. साहेब रुमाल घेऊन धावले. बाबांनी जॅकेटकडे पाहिलं, ससाण्याकडे पाहिलं.

“पचलं त्याले,” ते म्हणाले.

परतताना आमची पेटी पिकअपमध्ये होती आणि तिच्यात साहेबांनी घातलेला खजुराचा डबा. सूर्य खाली उतरला होता, वाळू गुलाबी झाली होती. बाबांनी काच खाली केली, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि अकोल्याला धाकट्या भावाला फोन लावला. रेंज पलीकडच्या देशाची होती, आवाज तुटत होता.

“अबे ऐकून रायला का? हातावर बसला होता माह्या! … नाही बे, कोंबडा नाही… कोंबडा नाही म्हनतो ना मी!”